लेखनवर्गाची पातळी-निश्चिती : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याने लेखनाच्या कोणत्या वर्गात बसावे, हे ठरवण्याच्या पद्धतीला लेखनवर्गाची पातळी-निश्चिती म्हणतात. त्याला आधी पायाभूत वर्ग हवा, की तो थेट नेहमीच्या वर्गात बसू शकेल, की नेहमीच्या वर्गाला जोडून त्याचे जादा तास घ्यावेत, एवढे त्यातून ठरते. अमेरिकेत या प्रक्रियेला ‘प्लेसमेंट’ म्हणतात. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटले की कंपन्या, मुलाखती आणि पगाराचे आकडे डोळ्यांपुढे येतात, म्हणून या नोंदीत तो शब्द टाळला आहे. ही परीक्षा नव्हे, हे आधीच सांगायला हवे. परीक्षा विद्यार्थी पास की नापास ते सांगते. पातळी-निश्चितीने त्याला काय शिकवायचे ते सांगितले पाहिजे. हा फरक शिक्षकांच्या मनातून निसटला की पुढचे सगळे बिघडते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंधलेखनाची अट घातली. आलेले निबंध पाहून प्राध्यापक हवालदिल झाले आणि पुढे पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातल्या शालान्त उत्तीर्णांना सरसकट दारे उघडली, तेव्हा हा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला. घरात इंग्रजी नसलेली, कामगार वस्तीतली, स्थलांतरितांची मुले हजारोंनी आली. तिथल्या सिटी कॉलेजात मिना शॉनेसी यांनी या मुलांचे प्रवेशावेळचे सुमारे ४,००० निबंध वाचून काढले आणि १९७७ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. नवख्या लेखकाच्या चुका मनमानी नसतात, त्यांमागे एक तर्क असतो आणि शिक्षकाने आधी तो तर्क वाचायला शिकावे, हे त्यांचे म्हणणे. सीमाभागात शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटेल.

बेळगाव जिल्ह्यातली आणि लगतच्या मराठी पट्ट्यातली परिस्थिती अशी. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठीबहुल भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पुढे सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो इतिहास इथे लांबवण्याचे कारण नाही. आपल्याला पाहायचा आहे तो त्यातून घडलेला विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, शाळेत दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून कन्नड, पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला विज्ञान किंवा वाणिज्य घेतले की एकदम इंग्रजी, बाजारात तिन्ही भाषा आणि तहसीलदार कचेरीत कन्नड. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो येतो तेव्हा एकच भाषा घेऊन येत नाही. बोलण्यात त्याच्याकडे तीन भाषा असतात, लिहिण्यात मात्र त्यांतल्या प्रत्येकीचा एकेक तुकडा.

त्यात गुणपत्रिका दोन जातींच्या. कर्नाटकच्या एसएसएलसीला, म्हणजे तिथल्या दहावीला, एकूण ६२५ गुण आणि त्यात प्रथम भाषेला १२५. महाराष्ट्राच्या दहावीला मराठीला १०० गुण. चंदगडचा मुलगा महाराष्ट्र बोर्डाची गुणपत्रिका घेऊन बेळगावच्या कॉलेजात येतो. निपाणीची मुलगी हद्द ओलांडून कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला जाते, तिथले देवचंद कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेले आहे. तीच मुलगी बेळगावकडे वळली तर २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात येते. दोघांनी लिहिलेले मराठी तेच, मात्र ते मोजणारी मापे निराळी. अशा ठिकाणी गुणांच्या टक्केवारीवरून लेखनाचा वर्ग ठरवणे म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत टाकण्यासारखे आहे.

या भागातल्या बहुतेक पदवी महाविद्यालयांत लेखनासाठी वेगळी पातळी-निश्चिती होत नाही. ती होते प्रवेशअर्जाच्या रकान्यात. पहिली भाषा, दुसरी भाषा, समोर खूण, झाले. तो अर्ज पुष्कळदा मुलगा स्वतः भरतही नाही; मोठा भाऊ भरतो किंवा कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला.

पातळी ठरवून वर्ग वेगळे करण्याचा एक ठळक नमुना मात्र बेळगावातच आहे. इथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात अभियांत्रिकीच्या मुलांसाठी कन्नडचे दोन वेगळे पेपर आहेत : कन्नड येणाऱ्यांसाठी ‘सांस्कृतिक कन्नड’ आणि न येणाऱ्यांसाठी ‘बळके कन्नड’. बळके म्हणजे वापर, रोजच्या उपयोगाची भाषा. विभागणी समजूतदार आहे. बिहारहून आलेल्या मुलाला बळके आणि धारवाडच्या मुलाला सांस्कृतिक, यात कोणालाच अडचण नाही. अडचण येते ती खानापूरच्या मराठी मुलाची. त्याला कन्नड येते का? बसमध्ये, दवाखान्यात, बाजारात खणखणीत येते. कन्नड कविता वाचून तिच्यावर पानभर लिही म्हटले तर पेन थांबते. ‘येते’ म्हणावे तर जड वर्गात फेकला जातो, ‘येत नाही’ म्हणावे तर ‘तुमचे नाव काय, बसस्टँड कुठे आहे’ या धड्यांपुढे बसून कंटाळतो. या मधल्या मुलासाठी दोन्हींत खुर्ची नाही, आणि या पट्ट्यात तोच मुलगा संख्येने दांडगा आहे.

आता एक कागद जवळून पाहू. विषय ‘कॉलेजचा पहिला दिवस’, वेळ अर्धा तास, लिहिणारी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी. असा कागद इथल्या कोणत्याही मराठीच्या शिक्षकाच्या हाती पडतो :

‘मी पाचला उठलो. बस चुकली. बाबांना शेताची पहणी काढायला तालुक्याला जायचं होतं, त्यांच्या गाडीवरनं आलो. कन्नडच्या मॅडमनी प्रबंध लिहा म्हणून सांगितलं. मला अनुमान आलं, पहिल्याच दिवशी प्रबंध कसा. मग शेजारच्या अक्कांनी वही दाखवली.’

पुण्याहून आलेला परीक्षक लाल पेन काढेल. मुलगी असून ‘उठलो’, ‘आलो’. ‘पाहणी’चे ‘पहणी’. निबंधाला ‘प्रबंध’. आणि ‘अनुमान आलं’ म्हणजे काय? चार चुका धरून तो तिला पायाभूत वर्गात पाठवेल आणि तिथे तिला लिंग, वचन, विभक्ती शिकवल्या जातील.

बेळगावचा वाचक हाच कागद वेगळा वाचतो. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात कित्येक बायका-मुली स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी जातो’ असेच म्हणतात. ती तिची घरची बोली आहे. पहणी हा जमिनीच्या नोंदीचा कागद, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याचा कर्नाटकातला भाऊ. तिथे ‘पाहणी’ लिहिले असते तर तेच चुकीचे ठरले असते. कन्नडमध्ये निबंधाला प्रबंधच म्हणतात, म्हणून मॅडमचा शब्द तिने प्रामाणिकपणे नोंदवला. मराठीत मात्र प्रबंध म्हणजे पीएचडीचा ग्रंथ. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे शंका, आणि कन्नड माणसाला शंका येते ती ‘अनुमान आलं’ याच चालीने. मराठी अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. दोन्ही भाषांना संस्कृतातून आलेले हे शब्द दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे. ते फसवतात, कारण अनोळखी दिसत नाहीत. ‘अवसर’ही तसाच : मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई.

शब्द बाजूला ठेवून त्या सहा ओळी परत वाचाव्यात. त्यांत काळाचा क्रम आहे, बस चुकण्याला उपाय आहे, घरच्या कामाची आणि कॉलेजच्या वेळेची सांगड आहे, भीती आहे, ती कोणी दूर केली तेही आहे. या मुलीला लिहिता येते. तिला कोणता शब्द कोणत्या भाषेत कोणता अर्थ देतो हे दाखवणारे आठ-दहा तास हवेत, आणि मग नेहमीचा वर्ग. तिला विभक्तीच्या तक्त्यांपुढे वर्षभर बसवणे हा अन्याय आहे.

उलट बाजूचाही कागद असतो. ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर गाइडमधून पाठ केलेली दोन पाने, शुद्धलेखन निर्दोष, सुरुवातीला सुभाषित. त्याच मुलाला समोरच्या बातमीचा सारांश पाच ओळींत लिही म्हटले की तो बातमी उतरवून काढतो. वरवरची शुद्धता पाहणारी चाचणी त्याला वर ढकलते आणि तिथे तो बुडतो.

सीमेवरच्या भाषांच्या या गुंफणीचा अभ्यास जुना आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचे निरीक्षण प्रसिद्ध केले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदणाऱ्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. शब्दसंग्रह तेवढा निराळा राहिला होता. भाषाशास्त्रात हे गाव जगभर उदाहरण म्हणून शिकवले जाते. आपल्या निबंधाच्या तपासणीत मात्र तीच घटना ‘अशुद्ध’ या शेऱ्याखाली जाते.

इंग्रजी लेखनातही हे भान हवे. मराठीत आणि कन्नडमध्ये इंग्रजीतल्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, क्रियापद दोन्हींत शेवटी येते. म्हणून उपपदे गाळणे हा वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचा गुण. तेवढ्यावरून पातळी ठरवली तर अख्खा वर्ग पायाभूत ठरतो आणि कोण विचार मांडू शकतो, कोण नाही, हे कळतच नाही.

वाचणाऱ्याचा प्रश्न याहून अवघड. १९६१ मध्ये प्रिन्स्टनच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमध्ये पॉल डीडरिच आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध वेगवेगळ्या व्यवसायांतल्या ५३ वाचकांकडून तपासून घेतले. श्रेण्या नऊ होत्या. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊही वेगवेगळ्या श्रेण्या मिळाल्या. एकच निबंध कोणाला उत्तम, कोणाला टाकाऊ. कोणी कल्पना पाहत होता, कोणी मांडणी, कोणी शुद्धलेखन, कोणी शब्दकळा. तेव्हापासून निबंध दोघांनी वाचावा, आधी नमुन्याच्या कागदांवर एकत्र बसून निकष जुळवावेत आणि मतभेद झाला तर तिसऱ्याकडे द्यावा, ही रीत पडली.

दोन वाचकांचा खर्च वाचवण्यासाठी पुढे संगणकावरच्या पर्यायी प्रश्नांच्या चाचण्या आल्या. त्यांत लिहावे लागतच नाही, नुसते टिचकी मारायची. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांवरच्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसले की अशा चाचण्यांनी इंग्रजीत सुमारे एक तृतीयांश मुलांना ठळकपणे चुकीच्या वर्गात टाकले होते, आणि पात्रता असून खालच्या वर्गात अडकलेली मुले त्यांत अधिक होती. ‘कंपास’ ही गाजलेली चाचणी २०१६ मध्ये बंद झाली. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून शाळेतल्या कामगिरीला आधार मानले आणि पायाभूत वर्गांची सक्ती जवळपास मोडून काढली.

तिसरी वाट मिशिगनच्या ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाची. डॅनिएल रॉयर आणि रॉजर गिल्स यांनी १९९८ मध्ये ती मांडली : मुलांना दोन्ही वर्गांत काय होते ते नीट समजावून सांगायचे, वाचनलेखनाच्या सवयींबद्दल काही विधाने पुढे ठेवायची आणि निवड त्यांच्यावर सोडायची. वर्तमानपत्र नेमाने वाचता का, शाळेत वर्षाला किती निबंध लिहिलेत, अशी ती विधाने. तीच प्रश्नावली बेळगावात उतरवून उपयोग नाही, इथले प्रश्न इथलेच हवेत. घरात कोणत्या भाषेचे वर्तमानपत्र येते आणि तू त्यातले काय वाचतेस? ग्रामपंचायतीला शेवटचा अर्ज कोणत्या भाषेत गेला, तू लिहिलास की दुसऱ्याकडून लिहून घेतला? शाळेतले निबंध स्वतः लिहिलेस की पाठ केलेस? व्हॉट्सॲपवर मराठी देवनागरीत लिहितेस की इंग्रजी अक्षरांत? या चार उत्तरांतून मुलीची लेखनाशी असलेली ओळख गुणपत्रिकेपेक्षा जास्त कळते.

या पट्ट्यात एक काळजी सर्वांत आधी घ्यावी लागते. २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने पदवीला कन्नड सक्तीची केली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने अंतरिम आदेशाने सक्तीला आवर घातला. अशा वातावरणात ‘कोण कोणत्या वर्गात’ ही यादी फलकावर लागली की ती भाषेची यादी वाटते, आणि पालकांच्या मनात संशय उभा राहतो. म्हणून निकाल प्रत्येकाला वेगळा, कारणासह सांगावा, आणि वर्गांना ‘कच्चे’, ‘पक्के’ अशी नावे ठेवू नयेत.

व्यवहारात हे महागही नाही. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात दोन छोटी लेखने घ्यावीत, एक अनुभवाचे आणि एक वाचलेल्या मजकुराचा सारांश. कागद दोघांनी वाचावेत, त्यांतल्या निदान एकाला मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता यावे. असे शिक्षक बेळगावात मुद्दाम शोधावे लागत नाहीत. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, तिथले पदव्युत्तर विद्यार्थी या वाचनासाठी तयार करता येतील. आणि दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत वर्ग बदलण्याची मुभा राहू द्यावी. वर दाखवलेली मुलगी पायाभूत वर्गात गेलीच, तर तिसऱ्या-चौथ्या तासाला तिच्या वहीत ‘प्रबंध’ खोडून ‘निबंध’ लिहिलेले दिसेल; त्या दिवशी तिला पलीकडच्या वर्गात नेऊन बसवावे.