ब्रह्महृदय: एका ठिपक्यातले दोन राक्षस

दिवाळीच्या दिवसांत रात्री आठ-साडेआठला गच्चीवर गेलात आणि ईशान्येला एखादी इमारत आडवी आली नाही, तर क्षितिजालगत एक टपोरा तारा लुकलुकताना दिसतो. धुरकट हवेतून तो घटकेत तांबडा, घटकेत हिरवा चमकतो आणि ‘विमान आहे का ते?’ असं कुणीतरी विचारतंच. हा ब्रह्महृदय, म्हणजे पाश्चात्त्यांचा कॅपेला. जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊ-साडेनऊला तो महाराष्ट्रातून उत्तरेला साठ अंशांहून वर चढलेला असतो. तेव्हा लुकलुक थांबते आणि त्याचा खरा रंग दिसतो: फिकट पिवळा, सूर्याच्या जातीचा. दृश्य प्रत 0.08 (हा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). रात्रीच्या आकाशातल्या तेजस्वी ताऱ्यांत याचा नंबर सहावा.

डोळ्यांना एक दिसणारा हा ठिपका म्हणजे चार ताऱ्यांचं कुटुंब आहे. त्यातले दोन राक्षसी तारे 104 दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात, आणि आपल्याला दिसतो तो जवळपास सगळा प्रकाश या दोघांचा. थंड असलेला तारा सूर्याच्या 12 पट रुंद, पृष्ठभागाचं तापमान सुमारे 4970 केल्विन. दुसरा 8.8 पट रुंद आणि 5730 केल्विनचा, म्हणजे जवळजवळ सूर्याइतकाच तप्त. एकूण ऊर्जा पहिला सूर्याच्या 79 पट फेकतो, दुसरा 73 पट. दोघांमधलं अंतर मात्र पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या अंतराच्या पाऊणपटच. शुक्राच्या कक्षेएवढ्या जागेत दोन राक्षस नांदताहेत, असं समजा. हे सगळं आपल्यापासून सुमारे 43 प्रकाशवर्षांवर आहे.

खगोलशास्त्राच्या कुठल्याही तक्त्यात हे आकडे एका ओळीत मिळतात. ती ओळ भरायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि त्यातला बराचसा वेळ एका पुसट वर्णरेषेने खाल्ला.

आधी नावाबद्दल. ब्रह्महृदय हे नाव जुनं. सूर्यसिद्धान्तात अगस्त्य आणि मृगव्याध यांच्या जोडीने याचीही जागा दिली आहे: वृषभ राशीचे 22 अंश, क्रांतिवृत्ताच्या (आकाशातल्या सूर्याच्या वाटेच्या) उत्तरेला 30 अंश. शेजारचे अग्नी आणि प्रजापती हेही तिथेच येतात. आजच्या नकाशात ब्रह्महृदयाचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचं अंतर, 23 अंशांच्या आसपास दिसतो. सूर्यसिद्धान्तात अंतर ध्रुवातून जाणाऱ्या वर्तुळावर मोजलेलं आहे. मोजण्याची रीत वेगळी, म्हणून आकडा थोडा वेगळा येणारच. पण त्या रीतीने हिशेब केला तरी ग्रंथातला आकडा सहा-साडेसहा अंशांनी हुकतो.

रोमन लोकांना इथे शेळी दिसली. कॅपेला म्हणजे छोटी शेळी, सारथी या तारकासमूहातल्या सारथ्याने कडेवर घेतलेली. ब्रह्महृदयाजवळ तीन मंद ताऱ्यांचा एक निमुळता त्रिकोण आहे, ती तिची करडं. (हा त्रिकोण शहरातून दिसेनासा झाला आहे. मावळात किंवा कोकणात गेलात तर जरूर पाहा.)

खरी कथा सुरू होते कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत. तारे आपल्याकडे येतात की दूर जातात, हे विल्यम वॉलेस कॅम्पबेल वर्णपटावरून, म्हणजे प्रकाशाच्या पसरलेल्या रंगपट्ट्यावरून, मोजत होते. तारा जवळ येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा जांभळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. ऑगस्ट 1896 ते फेब्रुवारी 1897 या काळात घेतलेल्या ब्रह्महृदयाच्या काचेच्या प्लेटा त्यांनी नंतर तपासल्या. रेषा आधी जांभळ्याकडे आणि मग तांबड्याकडे सरकलेल्या होत्या, आणि एका वर्णपटावर दुसरा, फिकट वर्णपट चढलेला होता. 1899 मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा एक तारा नाही, जोडी आहे. जवळजवळ त्याच वेळी केंब्रिजमध्ये ह्यू न्यूऑल हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते. त्यांची 25 इंची दुर्बीण त्यांच्या वडिलांनी हौसेने बांधून घेतलेली होती. ती पुढे ग्रीसला गेली आणि आजही अथेन्सजवळ उभी आहे.

जोडी आहे म्हटल्यावर ती डोळ्यांनी पाहायची हौस कुणाला नसणार? ग्रिनिचच्या 28 इंची दुर्बिणीतून 1900 मध्ये निरीक्षकांना तारा किंचित लांबट भासला. लिकच्या 36 इंची दुर्बिणीवर बसलेल्यांना मात्र तो गोलच दिसला. आज आपल्याला ठाऊक आहे की दोघांमधलं कोनीय अंतर विकलेच्या अठराव्या भागाएवढं आहे (अंशाचा साठावा भाग कला, तिचा साठावा भाग विकला). पुण्यात सव्वातीन सेंटिमीटर अंतरावर दोन उदबत्त्या खोवल्या आणि त्यांची टोकं मुंबईतून वेगवेगळी पाहायची म्हटलं, तर ते हे अंतर. वर हवा थरथरत असतेच. ग्रिनिचकरांच्या डोळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण त्यांची चिकाटी मानायला हवी.

कोडं सुटलं ते तारा ‘न पाहता’. आल्बर्ट मायकेलसन यांची युक्ती अशी: दुर्बिणीत आलेल्या प्रकाशाच्या वाटेत दोन छिद्रांची पट्टी ठेवायची. दोन छिद्रांमधून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या की ताऱ्याच्या प्रतिमेवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. तारा जुळा असेल तर प्रत्येकाचे पट्टे वेगळे. छिद्रं एका ठरावीक अंतरावर आणि ठरावीक दिशेला आली की एकाच्या पांढऱ्या पट्ट्यावर दुसऱ्याचा काळा पट्टा बसतो आणि पट्टे पुसले जातात. ते केव्हा पुसले गेले ते टिपलं की जोडीतलं अंतर आणि दिशा दोन्ही हाती येतात. माउंट विल्सनवर तेव्हाची जगातली सर्वांत मोठी, 100 इंची दुर्बीण नुकतीच कामाला लागली होती. डिसेंबर 1919 मध्ये जॉन अँडरसन यांनी तिच्यावर पट्टी बसवली, ती फिरवत गेले आणि पट्टे विरताना पाहिले. सूर्यमालेबाहेरच्या वस्तूचं या पद्धतीने झालेलं हे पहिलं मोजमाप. काक्षीच्या (बीटलगूजच्या) तांबूस गोळ्याचा व्यास मोजल्याची गोष्ट सगळे सांगतात, पण ती वर्षभरानंतरची, डिसेंबर 1920 ची. ब्रह्महृदयाचा मान आधीचा आहे. अशा लाटा मिसळून मोजणाऱ्या उपकरणाला इंटरफेरोमीटर म्हणतात. पुढे या क्षेत्रातल्या लोकांनी ब्रह्महृदयाला ‘इंटरफेरोमीटरवाल्यांचा मित्र’ असं नावच देऊन टाकलं.

हे मोजमाप इतकं महत्त्वाचं का? नुसत्या वर्णपटावरून वेग कळतो, पण कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे ते कळत नाही. त्यामुळे वस्तुमान अर्धवट राहतं. नुसत्या पट्ट्यांवरून कल आणि कक्षेचा कोनीय आकार कळतो, पण किलोमीटर कळत नाहीत. दोन्ही एकत्र आले की प्रत्येक ताऱ्याचं वस्तुमान निघतं, आणि जोडीचं अंतरही फुकटात हाती पडतं. राक्षसी तारा तराजूत घालायची संधी त्या काळी जवळपास कुठेच नव्हती. म्हणून 1924 मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी ताऱ्यांचं वस्तुमान आणि तेज यांचं नातं मांडलं तेव्हा आपला सैद्धांतिक वक्र त्यांनी ब्रह्महृदयावर टेकवला. तारा विरळ, म्हणजे त्याच्यातला वायू आदर्श वायूसारखा वागणार, असा त्यांचा हिशेब. गंमत अशी की सूर्यासारखे दाट तारेही त्याच वक्रावर येऊन बसले. त्यांचं त्यांनाही ते अनपेक्षित होतं.

आता त्या पुसट रेषेकडे येऊ. एडिंग्टन यांनी वापरलेलं वस्तुमान होतं सूर्याच्या 4.18 पट. आजचा आकडा 2.57 आहे. एवढा फरक पडला कसा? थंड तारा सावकाश फिरतो, स्वतःभोवतीही 104 दिवसांत एकदा. त्याच्या रेषा सुईसारख्या टोकदार असतात. तप्त तारा साडेआठ दिवसांत गिरकी घेतो. त्याची एक कड सेकंदाला 35 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते, दुसरी तितक्याच वेगाने दूर जाते, आणि त्याच्या रेषा दोन्ही बाजूंना फासल्या जातात. वर त्यांच्यावर जोडीदाराच्या टोकदार रेषा बसलेल्या. अशा फासलेल्या रेषेचा मध्य ठरवायचा म्हणजे ओल्या कागदावर फुटलेल्या शाईच्या ठिपक्याचा मध्य शोधणं. त्यात थोडी चूक झाली की वेग चुकतो. वस्तुमानाच्या सूत्रात वेगाचा घन असतो, त्यामुळे लहानशी चूक फुगून बाहेर येते. दृश्य प्रकाशात हाच गरगरणारा तारा किंचित अधिक तेजस्वी आहे, तरी रेषांच्या बाबतीत तोच मागे पडतो.

या फासलेल्या रेषेने एकविसाव्या शतकातही छळलं. 2009 मध्ये गिलेर्मो टोरेस आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध मोजमापं चाळून वस्तुमानं काढली: 2.47 आणि 2.44. फरक एका टक्क्याचा. पण ते ताऱ्यांच्या आयुष्याच्या गणितात नीट बसेना. कारण दोघे एकाच वेळी जन्मलेले असूनही वेगळ्या अवस्थेत आहेत. थंड ताऱ्याने गाभ्यातला हायड्रोजन संपवून, फुगून, आता हेलियम जाळायला घेतलं आहे. हा टप्पा निवांत असतो. धाकटा, म्हणजे किंचित हलका तप्त तारा, मात्र हायड्रोजन संपल्यानंतरच्या घाईच्या टप्प्यात आहे: गाभा आक्रसतोय, बाहेरचा भाग फुगून थंड होतोय. ताऱ्याच्या आयुष्यात हा काळ इतका थोडा असतो की एखाद्याला तिथे गाठणं म्हणजे घराच्या उंबऱ्यावर माणूस सापडण्यासारखं. एका टक्क्याच्या फरकाने दोघांत एवढं अंतर पडायला नको होतं.

2011 मध्ये मायकेल वेबर आणि क्लाउस स्ट्रासमायर यांनी टेनेरीफ बेटावरच्या स्टेला दुर्बिणीतून रात्रंरात्र वर्णपट घेतले आणि फरक साडेतीन टक्क्यांच्या जवळ गेला. टोरेस यांनी 2015 मध्ये सगळं पुन्हा मांडलं. 2.57 आणि 2.48. यावेळी गणित बसलं आणि वयही मिळालं: सुमारे 59 ते 65 कोटी वर्षं. म्हणजे सूर्याच्या वयाच्या सातव्या-आठव्या हिश्शातच हे दोघे म्हातारे झाले. जड ताऱ्यांकडे इंधन जास्त असतं, पण त्यांची उधळपट्टी त्याहून जास्त.

लिथियमचा पुरावा याला जुळणाराच आहे. ताऱ्याच्या आतल्या उष्णतेत लिथियम टिकत नाही. थंड ताऱ्याने फुगताना आतले आणि बाहेरचे थर ढवळून काढले, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर ते जेमतेम उरलं आहे. धाकट्याचं ढवळणं अजून व्हायचं आहे. त्याच्याकडे भरपूर आहे.

क्ष-किरणांचा किस्सा त्यामानाने नशिबाचा. 5 एप्रिल 1974 रोजी एका रॉकेटने आपली दिशा पक्की करण्यासाठी तारा-संवेदक ब्रह्महृदयावर रोखला. त्याच रोखाने बसवलेल्या क्ष-किरण उपकरणात त्या थोड्या क्षणांत नोंद झाली. तारा सूर्याच्या दहा हजार पटींहून अधिक क्ष-किरण फेकत होता. दिवा म्हणून वापरायला घेतलेला तारा स्वतःच शोध ठरला. पुढे 1999 मध्ये चंद्रा ही अंतराळ वेधशाळा वर गेली तेव्हा तिची वर्णपटयंत्रं ब्रह्महृदयावरच पारखून घेतली गेली, आणि नंतरही वेळोवेळी तोच कसोटीचा दगड राहिला. दरम्यान सप्टेंबर 1995 मध्ये केंब्रिजच्या कोस्ट या सुट्या दुर्बिणींच्या संचाने दोन ठिपक्यांची प्रतिमाच उभी केली होती. ग्रिनिचमध्ये जे लांबट भासलं होतं, ते आता खरोखर दोन दिसत होतं.

राहिले कुटुंबातले धाकटे दोघे. 1914 मध्ये रॅग्नर फुरुयेल्म यांच्या लक्षात आलं की 12 कला अंतरावरचा एक मंद तारा आकाशात ब्रह्महृदयाच्याच चालीने सरकतो आहे. 1936 च्या फेब्रुवारीत कार्ल स्टर्न्स यांना तोही दुहेरी दिसला, आणि त्याच सप्टेंबरात जेरार्ड कायपर यांनी त्याची खात्री केली. हे दोन तांबडे खुजे तारे राक्षसांपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे दहा हजार पट दूर आहेत. प्रत्येकाचं वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. एकमेकांभोवती त्यांची एक फेरी अंदाजे तीनशे वर्षांची. 1936 पासून मोजायला लागलो तरी अजून एक तृतीयांशही झालेली नाही, त्यामुळे त्यांच्या वस्तुमानापुढे ‘अंदाजे’ लिहावंच लागतं.