मोबाइल नंबर पोर्ट कसा करायचा: पात्रता, कागदपत्रे, मुदत

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, तर दुकानात जाण्याआधी एक एसएमएस करायचा असतो. जो नंबर पोर्ट करायचा त्याच सिमवरून इंग्रजीत पोर्ट लिहा, एक जागा सोडून दहा आकडी नंबर टाका आणि 1900 वर पाठवा. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा पोर्टिंग कोड, म्हणजेच यूपीसी, येतो. रिचार्ज संपला असला तरी हा एसएमएस जायलाच हवा. डिसेंबर 2021 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना तसे बजावले आहे.

16 डिसेंबर 2019 पासून पात्रतेची तपासणी कोड देण्याआधीच होते. म्हणून कोड हातात आला की बरेचसे काम झालेच समजा. तो मिळत नाही तो बहुधा या कारणांनी: सध्याच्या कंपनीकडे 90 दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचे बिल मुदत उलटूनही भरलेले नाही, सिम दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज चालू आहे, किंवा नंबरचा वाद कोर्टात आहे. 1 जुलै 2024 पासून आणखी एक अट आली. हरवलेले वा खराब सिम बदलून घेतले, तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. घाईत असलेल्याला हे जाचक वाटेल, पण लबाडीने डुप्लिकेट सिम काढून नंबर पळवणाऱ्यांना त्यानेच चाप बसतो.

कोड चार दिवस चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम, ईशान्येत 30). तेवढ्यात नव्या कंपनीच्या गॅलरीत जा. आधार असेल तर अंगठा देऊन केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, उरकते. आधारची सक्ती मात्र नाही. अर्ज सिम ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचा. वडिलांच्या नावावरचे सिम असेल तर त्यांनाच सोबत न्या. मन बदलले तर अर्ज केल्यापासून 24 तासांत इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर लिहून 1900 वर पाठवता येते.

त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या त्याच विभागात, तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. इथे पुणेकर झालेले मुंबईकर हमखास फसतात: मुंबई हे वेगळे सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. त्यामुळे मुंबईचा नंबर पुण्यात पोर्ट करायला पाच दिवस धरा.

प्रत्यक्ष बदलाच्या वेळी काही तास फोन बंद राहतो, तेव्हा बँकेचा ओटीपी लागणारे काम काढू नका. जुने सिम बंद पडले की नवे घालायचे. जुन्या प्रीपेडवरचा बॅलन्स मात्र बुडतो, तेव्हा कोड मागवण्याच्या तोंडावर तीन महिन्यांचा रिचार्ज मारू नका.