मल्टिपल स्क्लेरोसिससह जगणे (कोल्हापूर)

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांचा दीर्घकालीन आजार आहे. यात रोगप्रतिकारशक्ती चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. वायरीचे प्लास्टिक जागोजागी सोलले जावे, तसे आवरण जाते आणि मेंदूचे निरोप अडखळतात. फ्रेंच वैद्य झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची ओळख पक्की केली. २०२० च्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण दुप्पट-तिप्पट आढळते. शिक्षण, नोकरी, लग्न, मुले हे सगळे ऐन रंगात असताना तो गाठतो.

पहिली खूण अनेकदा एका डोळ्याची असते. धूसर दिसते, डोळा फिरवला की दुखतो. काही आठवड्यांत नजर सुधारते आणि विषय तिथेच राहतो. पुढे पायाला मुंग्या येतात, तोल जातो. भाकरी थापायला मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखे होते. मणक्याचा त्रास, बी-१२ ची कमतरता असे म्हणत वर्ष सरते. एमआरआय आणि गरज पडल्यास पाठीतले पाणी काढून केलेली तपासणी यांवरून निदान होते. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा मिळताजुळता आजार वगळावाच लागतो, कारण एमएसची काही औषधे त्यात अपाय करतात. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाकडे लवकर जाणे महत्त्वाचे.

बहुतेकांत आजार झटक्यांनी येतो आणि मध्ये ओसरतो. झटक्याला स्टिरॉइडची सलाईन देतात. पुढचे झटके कमी करणारी औषधे १९९३ पासून मिळू लागली. ती आजार मुळापासून काढत नाहीत आणि महागही आहेत.

रोजच्या जगण्यात मात्र थकवा सर्वांत जड जातो. झोपून उठले तरी तो जात नाही आणि बाहेरून दिसत नाही. ‘चेहऱ्यावरून तर काय वाटत न्हाई’ हे शेजाऱ्यांचे वाक्य रुग्णाला फार लागते. त्यात उष्णता. अंगाचे तापमान थोडे वाढले तरी जुनी लक्षणे वर येतात. १८९० मध्ये याची नोंद करणाऱ्या विल्हेल्म उथॉफ यांचे नाव या प्रकाराला मिळाले. बंबाच्या कडकडीत पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या चढताना पाय लुळे पडतात. अंग थंड झाले की बहुधा पूर्ववत होते. हा नवा झटका नव्हे, हे घरच्यांना ठाऊक असले की निम्मी घबराट टळते. एप्रिल-मे महिन्यांत बाजारहाट सकाळी लवकर उरकणे आणि कोमट पाण्याने आंघोळ करणे, एवढा बदलही खूप उपयोगी पडतो.

आधाराची घडण कोल्हापुरात वेगवेगळ्या धाग्यांनी झाली आहे. १९८५ मध्ये मुंबईत सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही या आजाराची देशपातळीवरची संस्था. तिची शाखा पुण्यात आहे. कोल्हापूरची स्वतःची परंपरा अपंग चळवळीची आहे. व्हीलचेअरवर वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये येथे हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड ही संस्था उभारली. ती एमएससाठी नव्हे, पण चाकाच्या खुर्चीवरचा माणूस शिकतो, कमावतो, हे या शहराने तिच्यामुळे जवळून पाहिले. नुकतेच निदान झालेल्या तरुणीला हा दिलासा थोडा नाही. शिवाय पेठांत तालमींचे जाळे आहे. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला पोरे धावून येतात. अडचण अशी की तातडीची मदत सहज मिळते, पण वर्षानुवर्षांची संगत मागायला रुग्णाला संकोच वाटतो. इथे त्याच आजाराच्या माणसाशी झालेले बोलणे कामी येते: लघवीवर ताबा नसणे, नवऱ्याशी ताणलेले नाते, आई होण्याची भीती, हे घरात बोलले जात नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात तपासणी करावी लागते. आरक्षणासह बऱ्याच लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ज्या दिवशी पाय नीट चालतात त्या दिवशी टक्केवारी कमी भरू शकते, म्हणून जुने एमआरआय आणि प्रत्येक झटक्याची कागदपत्रे तारखेनुसार लावून न्यावीत.