क्लेरमॉन्ट यांचे ‘एक्स-मेन’ : सदोष सुपरहीरो आणि संघातील कलह

‘एक्स-मेन’ या अमेरिकी कॉमिक मालिकेचे लेखन क्रिस क्लेरमॉन्ट यांनी १९७५ ते १९९१ अशी सलग सोळा वर्षे केले. मार्व्हलसारख्या प्रकाशनसंस्थेत एकाच मालिकेवर एकाच लेखकाने इतका काळ टिकणे दुर्मीळच. या काळात त्यांनी सुपरहीरोंच्या संघाकडे पाहण्याची जी रीत रुजवली, तिची ही नोंद आहे. थोडक्यात सांगायचे तर ती अशी : पात्राची शक्ती आणि त्याचे वैगुण्य एकाच मुळातून आलेले असावे आणि संघात झालेले भांडण अंकाच्या शेवटी मिटू नये; त्याची उधारी पुढच्या अंकाच्या खात्यावर चढावी.

पूर्वपीठिका

जन्मतःच वेगळ्या शक्ती लाभलेल्या ‘म्यूटंट’ मुलांची शाळा आणि तिचे चाकाच्या खुर्चीतले प्राध्यापक झेव्हिअर ही कल्पना स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची, १९६३ची. मालिका फारशी चालली नाही. १९७० पासून पुढची काही वर्षे तर जुन्याच कथा पुन्हा छापून अंक काढले जात होते. १९७५ मध्ये लेखक लेन वाईन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी एका मोठ्या विशेषांकात नवा संघ उभा केला. त्यात केनियातून आलेली स्टॉर्म, सोव्हिएत शेतकऱ्याचा मुलगा कोलोसस, जर्मन नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरीन, अपाची जमातीचा थंडरबर्ड अशी मंडळी होती. वाईन यांच्याकडे वेळ नव्हता. ९४व्या अंकापासून लेखणी पंचविशीतल्या क्लेरमॉन्ट यांच्या हाती आली. मालिका तेव्हा दोन महिन्यांतून एकदा निघे आणि तिच्याकडून कुणाची फार अपेक्षा नव्हती. हे त्यांच्या पथ्यावर पडले, कारण वर लक्ष ठेवणारे कमी होते.

क्लेरमॉन्ट यांचा जन्म १९५०चा, लंडनचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आले. बार्ड कॉलेजात त्यांनी राज्यशास्त्रीय विचार आणि अभिनय हे विषय घेतले होते. ही जोडी त्यांच्या लेखनात पदोपदी दिसते. त्यांची पात्रे नटासारखी बोलतात, स्वगते म्हणतात, आणि त्यांचे वाद बहुतेकदा एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात : या घरात राहण्याचा हक्क कुणाला, आणि तो ठरवायचा कुणी?

शक्तीच वैगुण्य

जुन्या संघातून आलेला पुढारी सायक्लॉप्स याच्या डोळ्यांतून सतत विध्वंसक झोत बाहेर पडतो आणि तो त्याला थांबवता येत नाही. म्हणून तांबड्या स्फटिकाचा चष्मा. ली-कर्बी यांच्या काळात ही एक अडचण होती. क्लेरमॉन्ट यांनी तिचा स्वभाव केला : सतत स्वतःला आवरून धरणारा, चूक होईल या भीतीने हसायचेही विसरलेला पुढारी. ९५व्या अंकात थंडरबर्ड मरतो. पळून जाणाऱ्या शत्रूच्या विमानावर तो उडी घेतो. झेव्हिअर मनोमन त्याला परत फिरायला सांगत असतात, पण आपण खरे लढवय्ये आहोत हे त्याला सिद्ध करायचे असते. विमान फुटते. ९४ आणि ९५ या दोन अंकांच्या कथानकात वाईन यांचाही हात होता. पण खरी मौज ९६व्या अंकात आहे. सायक्लॉप्स एकटाच रानात जातो, स्वतःला दोष देतो, आणि आयुष्यभर आवरलेला तो झोत त्राग्याने मोकळा सोडतो. त्या झोताने एक प्राचीन शिळा फुटते आणि तिच्याखाली कोंडलेला राक्षस सुटून घरावर चालून येतो. दुःख, राग, त्याचे फळ आणि ते भोगायला सगळे घर, हा पुढच्या सोळा वर्षांचा नमुनाच वीसेक पानांत मांडून झालेला दिसतो.

स्टॉर्म वाऱ्यापावसाला हुकूम सोडते, पण बंद जागेत गेली की तिचा जीव गुदमरतो. सुएझच्या संघर्षात कैरोतल्या घरावर विमान कोसळले तेव्हा ती लहान मुलगी मेलेल्या आईशेजारी ढिगाऱ्याखाली अडकून पडली होती. १०२व्या अंकात आयर्लंडमधल्या एका गढीत लढाई ऐन रंगात असताना ती कोसळते आणि संघाला तिच्याविना लढावे लागते. पुढे संघात आलेल्या ‘रोग’ (Rogue) नावाच्या तरुणीला कुणाला उघड्या हाताने स्पर्शच करता येत नाही. केला की समोरच्याची शक्ती आणि आठवणी तिच्यात उतरतात. वुल्व्हरीनची जखम भरून येते, संताप मात्र भरून येत नाही. त्याच्या पंजांच्या नख्या हातमोज्यात नसून हाडांत आहेत, हेही क्लेरमॉन्ट यांच्याच काळात, ९८व्या अंकात उघड झाले. हत्यार काढून ठेवण्याची सोयच त्याला उरली नाही.

घरातली भांडणे

सुपरहीरोंनी आपसांत भांडावे हे क्लेरमॉन्ट यांनी शोधून काढलेले नाही. मार्व्हलच्याच ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये १९६१ पासून कुरबुरी चालू होत्या. वनवासात द्रौपदी आणि भीम युधिष्ठिराला काय काय सुनावतात हे ठाऊक असलेल्या वाचकाला तर त्यात नवल वाटायचे कारणच नाही. पण त्या कुरबुरी बहुधा खलनायक दारात येईपर्यंतच्या असत. क्लेरमॉन्ट यांच्या घरात कुणी काही विसरत नाही.

११६व्या अंकात वुल्व्हरीन एका पहारेकऱ्याला गुपचूप मारून टाकतो. मृत्यू चित्रात दिसत नाही. दिसतात ते बरोबर असलेल्या स्टॉर्म आणि नाइटक्रॉलर यांचे हादरलेले चेहरे. नाइटक्रॉलर श्रद्धाळू कॅथलिक, स्टॉर्मने जीव न घेण्याचे व्रत घेतलेले. वाद तिथे मिटत नाही. काही वर्षांनी, १७०व्या अंकात, मित्रांना सोडवण्यासाठी स्टॉर्म स्वतःच कॅलिस्टो नावाच्या बाईशी सुऱ्यांचे द्वंद्व खेळते आणि सुरी तिच्या छातीत खुपसते. कॅलिस्टो वाचते, पण नाइटक्रॉलर पाहतच राहतो, आणि वाचकाला ११६वा अंक आठवतो. त्यानंतर तीनच अंकांनी स्टॉर्म केस कापून, कातडी जाकीट घालून समोर येते. पॉल स्मिथ यांनी चितारलेले हे रूप गाजले. ते पाहून तिला आईच्या जागी मानणारी किटी रडत पळून जाते. लेखकाने इथे ना किटीला समजावले, ना स्टॉर्मला माफी मागायला लावली.

किटी प्राइड ही साडेतेरा वर्षांची ज्यू मुलगी १९८० मध्ये मालिकेत आली. मोठ्यांच्या भांडणात एक पोर असले की भांडणाला साक्षीदार मिळतो, ही साधी घरगुती गोष्ट क्लेरमॉन्ट यांना नीट कळली होती. १६८व्या अंकात झेव्हिअर तिला लहान मुलांच्या वर्गात खाली ढकलतात आणि ती पूर्ण अंकभर त्यांच्यावर संतापलेली असते. प्राध्यापकांशी असे उघड वाकडे घेणारी कथा आधीच्या ‘एक्स-मेन’मध्ये शोधूनही सापडणार नाही.

रोगच्या प्रवेशाचा प्रसंग मात्र या साऱ्यावर कडी करणारा. तिने पूर्वी कॅरल डॅन्व्हर्स या दुसऱ्या एका सुपरहीरो स्त्रीच्या शक्ती आणि आठवणी कायमच्या ओढून घेतल्या होत्या. उद्ध्वस्त झालेली कॅरल एक्स-मेनच्याच घरी आश्रयाला होती. १७१व्या अंकात (१९८३) रोग त्याच दारात मदत मागायला येते, कारण डोक्यातल्या दोघींच्या आठवणींनी तिला वेड लागायची पाळी आलेली असते. कॅरल तिला एकच ठोसा मारते आणि रोग छप्पर फोडून थेट आकाशात जाते. संघ सोडून जाण्याच्या धमक्या देतो. झेव्हिअर ठाम राहतात : मदत मागणाऱ्या म्यूटंटला ही शाळा नाही म्हणणार नाही. शेवटी कॅरलच निघून जाते. अपराधी आत आणि जिचे लुटले ती बाहेर, हा निकाल न्याय्य आहे असे मालिका एकदाही म्हणत नाही. वुल्व्हरीनचा रोगविषयीचा राग पुढे जपानमध्ये ओसरतो, तोही तिने त्याच्या वाग्दत्त वधूला वाचवताना स्वतःचा जीव धोक्यात घातल्यावर.

कॅरलचा हिशेब याआधीही एकदा मांडला गेला होता. मार्व्हलच्याच दुसऱ्या एका संघाच्या, ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या, मालिकेतील २००व्या अंकात (१९८०) दुसऱ्या लेखकांनी तिला फसवून गर्भवती केल्याची कथा लिहिली आणि संघाने तिला त्याच माणसाबरोबर हसतमुखाने निरोप दिल्याचे दाखवले. १९८१च्या वार्षिकांकात क्लेरमॉन्ट यांनी कॅरलला परत आणले आणि तिच्याकडून अ‍ॅव्हेंजर्सची चांगलीच खरडपट्टी काढवली. रोगही याच अंकात प्रथम दिसते.

पुढारीपण

पुढारी कुणी व्हायचे, यावरचा वाद २०१व्या अंकात (१९८६) शिगेला पोचतो. स्टॉर्मची शक्ती तोवर गेलेली असते. सायक्लॉप्सला नुकताच मुलगा झालेला असतो, पण घर सोडून पुन्हा संघाचे पुढारीपण घ्यायचा मोह त्याला सुटत नाही. दोघे सरावाच्या डेंजर रूममध्ये उतरतात आणि कसलीही शक्ती नसलेली स्टॉर्म त्याला हरवते. ती त्याचा चष्माच पळवते. सायक्लॉप्स हरतो ते मनाने तो आधीच दोन ठिकाणी वाटला गेला आहे म्हणून, हे लेखकाने संवादांतून फारसे सांगितलेले नाही. अतिशब्दाळ म्हणून नावे ठेवल्या गेलेल्या या लेखकाचा हा संयम लक्षात राहतो.

फिनिक्स

ज्या कथेने मालिकेला कीर्ती मिळवून दिली, तिचा शेवट क्लेरमॉन्ट यांच्या मनासारखा झालेला नाही. चित्रकार जॉन बर्न यांच्याबरोबर रचलेल्या या कथेत सायक्लॉप्सची प्रेयसी जीन ग्रे हिची ‘फिनिक्स’ ही अफाट वैश्विक शक्ती तिलाच गिळू लागते. १३५व्या अंकात ती एक तारा खाऊन टाकते आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. मूळ बेत असा होता की शेवटी तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला जगू द्यायचे. प्रधान संपादक जिम शूटर यांनी हरकत घेतली : एवढा संहार करून सुटका? शिक्षा पाहिजे. शेवटची पाने नव्याने काढली गेली आणि १३७व्या अंकात (१९८०) जीन चंद्रावर स्वतःचा अंत करते. मूळ शेवट १९८४ मध्ये वेगळा छापण्यात आला, तेव्हा वाचकांना दोन्ही ताडून पाहता आले. शूटर यांचे म्हणणे बरोबर होते, असे या नोंदकर्त्याचे मत. ज्या मालिकेत एका पहारेकऱ्याच्या मृत्यूची आठवण राहते, तिथे एका ग्रहाचा विसर पडून कसे चालेल?

याच अंकातली खरी क्लेरमॉन्टी पाने लढाईच्या आधीची आहेत. उद्या जीनसाठी एका साम्राज्याशी लढायचे आहे. रात्री प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा आहे आणि स्वतःला विचारतो आहे : मी कुणासाठी लढतो आहे, आणि ती त्या लायकीची आहे का? सगळ्यांची उत्तरे सारखी नाहीत. सकाळी सगळे एका रांगेत उभे राहतात ते मतभेद पोटात ठेवून.

शत्रूचाही हिशेब

१९६३चा मॅग्नेटो सरळसोट खलनायक होता. क्लेरमॉन्ट तरुणपणी काही काळ इस्रायलमधल्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, राहिले होते. छळछावण्यांतून वाचलेल्यांची पिढी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. १५०व्या अंकात मॅग्नेटोच्या तडाख्याने किटी निपचित पडते. तिला हातात घेतल्यावर त्याला आउश्वित्झची नाझी छळछावणी आठवते, आपण काय होऊन बसलो हे कळते, आणि तो लढाई सोडून देतो. पुढे १६१व्या अंकात झेव्हिअर आणि तो इस्रायलमधल्या हैफा शहरात एकेकाळचे जिवलग मित्र होते असे दाखवले गेले. २००व्या अंकात पॅरिसमध्ये त्याच्यावर खटला चालतो आणि आजारी झेव्हिअर चक्क आपली शाळा त्याच्या हवाली करतात. संघाला हे पटत नाही. ते धुसफुसतच त्याच्या हाताखाली राहतात.

मर्यादा

उधारी मांडून ठेवायची सवय लागली की काही देणी बुडतातच. कित्येक धागे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले, काही कायमचेच. विचारफुगे आणि निवेदनाच्या चौकटी इतक्या की चित्रकाराने काढलेले पुन्हा शब्दांत वाचावे लागते. कोलोससच्या तोंडी रशियन, नाइटक्रॉलरच्या तोंडी जर्मन, रोगच्या तोंडी दक्षिणी हेल. बोलीचे हे मीठ कधी कधी जरा जास्तच पडते. तरी १८३वा अंक वाचताना या तक्रारी सुचत नाहीत. कोलोससने किटीशी नाते तोडले म्हणून वुल्व्हरीन आणि नाइटक्रॉलर त्याला दारूच्या गुत्त्यात नेतात. तिथे गाठ पडते ती जुन्या शत्रूशी, जगरनॉटशी. कोलोससला मरेस्तोवर मार बसतो आणि वुल्व्हरीन मुद्दाम मदतीला जात नाही. पोरीचे मन मोडणाऱ्याला घरच्याने दिलेली ही शिक्षा.

सगळ्यात मोठी मर्यादा त्यांच्या हातातली नव्हती. पात्रे मार्व्हलच्या मालकीची. १९८६ मध्ये दुसऱ्या एका मालिकेसाठी जीनला जिवंत करण्यात आले. ग्रह जाळणारी ती जीन नव्हतीच, असे ठरवून सारा दोष एका वैश्विक शक्तीवर टाकला गेला. त्या मालिकेत सायक्लॉप्स तान्हे मूल आणि बायको मॅडलिन यांना सोडून जीनकडे जातो. क्लेरमॉन्ट या निर्णयावर नाराज होते. पण झाले ते झालेच नाही असे त्यांनी केले नाही. टाकून दिलेल्या मॅडलिनचा संताप त्यांनी दोन-तीन वर्षे साठू दिला आणि १९८८-८९च्या ‘इन्फर्नो’ कथेत तो सर्वांवर कोसळवला. तिथे ती खलनायिका ठरते, जीनची कृत्रिम प्रतिकृती निघते आणि मरते. मॅडलिनवर हा अन्यायच झाला, कारण तिची तक्रार खरी होती.

१९९१ मध्ये चित्रकार जिम ली यांच्यासह काढलेल्या नव्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एकट्या कॉमिक अंकाच्या विक्रीचा हा विक्रम ठरला. तोवर संपादकांशी क्लेरमॉन्ट यांचे बिनसले होते आणि कथा कुठे न्यायची यात चित्रकारांचा शब्द चालू लागला होता. तिसऱ्या अंकानंतर ते बाहेर पडले. त्या अंकात मॅग्नेटोचा अवकाशातला अड्डा कोसळतो आहे. झेव्हिअर त्याला आपल्याबरोबर चलायला सांगतात, तो नकार देतो, आणि दोघा मित्रांचे भांडण होते तिथेच राहते.