विमानाचा दिवा: उजेड पाडायचा कुठे आणि अडवायचा कुठे

रात्री विमानाच्या पंखांवर लाल-हिरवे दिवे दिसतात ना, ते काय शोभेचे नाहीत. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, ही पद्धत मुळात जहाजांची. अमेरिकेत हजारो हौशी लोक गॅरेजमध्ये किट आणून स्वतःचं विमान बांधतात (आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतील) आणि त्यातले काहीजण दिवेसुद्धा घरीच बनवतात. वाटतं काय, पंखाच्या टोकाला चार झकास एलईडी चिकटवल्या की झालं काम.

पण नुसता झगमगाट उपयोगाचा नाही. लाल दिवा नाकाच्या दिशेपासून डावीकडे ११० अंशांपर्यंतच दिसायला हवा, हिरवा तसाच उजवीकडे, आणि उरलेले मागचे १४० अंश पांढऱ्याचे, बेरीज बरोबर ३६०. समोर लाल-हिरवा दोन्ही दिसले तर विमान थेट तुमच्यावर येतंय. उजव्या हाताला नुसता लाल दिसला तर ते तुमच्यासमोरून आडवं जाणार आणि वाट त्याची, तुम्ही थांबायचं, म्हणजे वळायचं, विमान थांबतं कुठे! आता लाल उजेड भलतीकडे सांडला तर हा सगळा हिशोबच चुकतो, म्हणून अमेरिकन नियमात समोरच्या हद्दीपलीकडे, म्हणजे नाकाची रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला, २० अंशांच्या पुढे १ कँडेलाच्या (एका दिशेने जाणाऱ्या उजेडाची तीव्रता मोजायचं एकक) वर उजेड गेलेला चालत नाही. हौशी माणूस इथेच फसतो, कारण पारदर्शक कव्हरच्या आतून उजेड परावर्तित होऊन नको तिकडे जातो, मग आतून काळा मॅट रंग मारा, आडोसा लावा, परत तपासा.

उजेड सगळीकडे सारखाही नको. नाकासमोर १० अंशांपर्यंत ४० कँडेला लागतात, २० अंशांच्या पुढे बाजूला फक्त ५ पुरतात. कारण सोपं आहे, समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी १५० नॉटने (ताशी सुमारे २७८ किलोमीटर) आली तर मधलं ५ किलोमीटर अंतर जेमतेम ३२ सेकंदांत संपतं. १०० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून एकूण उजेड) साधी, लेन्स नसलेली एलईडी सरळ समोर साधारण ३२ कँडेला देते आणि कडेला जवळजवळ शून्य, म्हणून दोन-तीन एलईडी पुढे तोंड करून आणि एखादी बाजूला, अशी मांडणी करतात.

मोजायला घरातली अंधारी खोली चालते. २ मीटरवर लक्समीटरने (एखाद्या जागी पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र) १० लक्स दाखवले की ४० कँडेला, लक्सला अंतराच्या वर्गाने गुणायचं बस. फक्त स्वस्त मीटर रंगीत एलईडीला चुकीचं मोजतात, त्यावर आंधळा विश्वास नको.

आता करंट. हिरव्या तीन एलईडी सिरीजमध्ये (एकीपाठोपाठ एक जोडून) लावल्या तर साधारण ९.६ व्होल्ट खातात, आणि नुसता रेझिस्टर लावला तर बॅटरीच्या १२ व्होल्टवर त्याच्या वाट्याला २.४ येतात, पण इंजिन चालू होऊन १४.४ झाले की ४.८, म्हणजे करंट थेट दुप्पट! म्हणून करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर हवाच. स्विचिंग ड्रायव्हर (वीज फार वेगाने चालू-बंद करून करंट सांभाळणारा) थंड राहतो पण त्याच्या विद्युत लहरींचा कचरा विमानाच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या रेडिओत घुसू शकतो, आणि काही होमबिल्ट (घरी बांधलेल्या) विमानांत अँटेना त्याच पंखाच्या टोकात असतो. दिव्याचं बटण दाबलं की हेडफोनमध्ये खरखर सुरू. मग फेराइट (तारेवर चढवायचा चुंबकीय मणी), फिल्टर, शील्डेड (धातूच्या जाळीत गुंडाळलेली) वायर असं एकेक करून बघत बसायचं, किंवा साधा लिनियर रेग्युलेटर (जादा व्होल्ट उष्णतेत घालवून करंट स्थिर ठेवणारा) लावून त्याची उष्णता ॲल्युमिनियमच्या पट्टीला सोपवायची. मी तरी दुसरंच निवडेन.