बीव्हर-रंगभरण

बीव्हर-रंगभरण : बीव्हर या प्राण्याचे छापील रेखाचित्र रंगवता रंगवता त्याची माहिती करून घेण्याचा, बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांसाठीचा उपक्रम. बीव्हर भारतात कुठेही आढळत नाही. रंगवहीतून किंवा इंटरनेटवरून उतरवून झेरॉक्स काढलेल्या पानांतून तो कोकणातल्या घरांत आणि शाळांत येऊन पोचतो. जो प्राणी मुलांनी पाहिलेला नाही आणि बाईंनीही नाही, त्याचे चित्र रंगवताना दोघांनाही विचारपूस करावी लागते. हत्तीचे किंवा मोराचे चित्र दिले की मुले न विचारता रंगवून मोकळी होतात. इथे तसे होत नाही.

खाडीकाठच्या मुलांचा पहिला अंदाज बहुधा ‘पाणमांजर’ हाच असतो. तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. अंगावर तपकिरी दाट केस, मिशा, मागच्या पायांच्या बोटांत पडदे आणि पाण्यात वावर एवढे दोघांत सारखे आहे. सिंधुदुर्गातल्या एका वर्गात पान हातात पडताच एका मुलाने विचारले, “बाई, ह्येका मासो खंय काढूचो?” आणि उत्तराची वाट न बघता तोंडात एक तारली काढूनही टाकली. बीव्हर मासे खात नाही. तो पूर्ण शाकाहारी आहे. झाडाची आतली कोवळी साल, पाने, डहाळ्या आणि पाणवनस्पती हे त्याचे अन्न. पाणमांजर मांसाहारी गणातले, तर बीव्हर कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला. नात्याने तो घूस, खार, शेकरू आणि साळिंदर यांच्या गोतावळ्यात बसतो. या गणात दक्षिण अमेरिकेतल्या कॅपिबाराच्या खालोखाल वजनदार तोच; पूर्ण वाढलेला बीव्हर २० ते ३० किलोपर्यंत भरतो. तारलीचे चित्र खोडायला लावू नये, असे या नोंदकाराचे मत. तिच्याभोवती पाणी रंगवून घ्यावे. बीव्हरच्या तळ्यात मासे असतातच.

चित्रातला सगळ्यात मोठा घोटाळा दातांचा असतो. छापील चित्रात पुढे दोनच दात दिसतात आणि मुले ते कोरे सोडतात. प्रत्यक्षात पटाशीचे दात चार, वर दोन आणि खाली दोन, आणि त्यांचा रंग नारिंगी. दातांच्या पुढच्या थरात लोह असते, म्हणून हा रंग येतो आणि दात कणखरही होतात. मागची बाजू त्या मानाने मऊ असल्यामुळे ती आधी झिजते आणि पुढची कड सुताराच्या पटाशीसारखी आपोआप धारदार राहते. हे दात आयुष्यभर वाढत असतात; कुरतडून ते झिजले नाहीत तर बीव्हरला तोंड मिटणे मुश्कील होईल. मुलांना रंग नेमका दाखवायचा असेल तर पिकलेली, न सोललेली सुपारी हातात द्यावी. तिच्या सालीचा जो केशरी रंग, जवळपास तोच. दातांमागे ओठ मिटता येतात, त्यामुळे नाकातोंडात पाणी न जाता तो पाण्याखालीही फांदी कुरतडतो. त्या वेळी कान आणि नाकपुड्या बंद होतात आणि डोळ्यांवर पारदर्शक पडदा येतो. एका दमात तो १५ मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो.

अंगाला तांबूस तपकिरी रंग चालतो. नारळाच्या सुकलेल्या सोडणाचा रंग डोळ्यांसमोर ठेवला की मेणखड्यांच्या डबीतली योग्य कांडी सापडते. शेपटीचे मात्र वेगळे आहे. ती वल्ह्यासारखी चपटी, जवळजवळ बिनकेसांची, खवल्यांची आणि काळपट असते. रंगवहीत तिच्यावर आडव्याउभ्या रेघांची जाळी छापलेली असते. ती चित्रकाराची सोय. त्याहून मजेची युक्ती अशी : कागदाखाली शेपटीच्या जागी फणसाचे जून पान पालथे ठेवायचे आणि वरून काळा मेणखडा आडवा धरून घासायचा. पानाच्या शिरा उमटतात आणि शेपूट खरबरीत दिसू लागते. फणसाच्या पानाचा आकारही शेपटीला शोभणारा आहे.

शेपटीने बीव्हर चिखल थापतो, हा समज जगभर आहे आणि कित्येक रंगचित्रांत ती गवंड्याच्या थापीसारखी काढलेली असते. तसे तो करत नाही. चिखल आणि दगड तो पुढच्या पंजांनी हनुवटीखाली छातीशी कवटाळून आणतो. पावसात दप्तर पोटाशी धरून चालणाऱ्या पोरासारखा. शेपूट पोहताना सुकाणूचे काम करते, झाड कुरतडताना टेकू देते आणि तिच्यात हिवाळ्यासाठी चरबी साठते. धोका वाटला की तो ती पाण्यावर फाडकन आपटतो आणि बुडी मारतो. तो आवाज ऐकून घरातली बाकीची मंडळीही पाण्यात गडप होतात.

या उपक्रमातले सर्वांत रंगणारे पान बांधाचे. कोकणातल्या मुलाला बांध समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा सरला की गावोगाव श्रमदानाने व्हाळ अडवले जातात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून त्या प्रवाहात आडव्या रचतात. मूळचे महाडजवळच्या नाते गावचे मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने हे बंधारे ओळखले जातात. बीव्हरचे तंत्र फार वेगळे नाही. गोण्यांऐवजी फांद्या, आणि फटी बुजवायला दगड, चिखल व पालापाचोळा. दोन्ही बंधारे थोडे झिरपतात. फरक हेतूत आहे. आपण पाणी अडवतो ते विहिरींना आणि उन्हाळी भाजीला. बीव्हरला पाणी खोल हवे असते ते घराच्या दारासाठी. त्याचे घर म्हणजे तळ्यात किंवा काठाला रचलेला काटक्या-चिखलाचा ढीग. आतली खोली पाण्याच्या वर, कोरडी. पण आत शिरायची वाट पाण्याखालून. तळे उथळ झाले तर दार उघडे पडेल आणि लांडगा थेट उंबऱ्याशी येईल. म्हणजे बीव्हर बांधात राहत नाही. बांध आणि घर या दोन गोष्टी आहेत, आणि बऱ्याच चित्रांत नेमकी तिथेच गल्लत झालेली असते.

बांध घालायला त्याला कोण शिकवते, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. स्वीडनमधले अभ्यासक लार्स विल्सन यांनी बंदिस्त जागेत वाढवलेल्या बीव्हरांना वाहत्या पाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तेव्हा ते त्या आवाजाच्या रोखाने काटक्या आणि चिखल रचू लागले. पाणी कुठे निसटते आहे याचा खळखळाट त्यांना स्वस्थ बसू देत नाही. कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचा बीव्हरबांध आहे. २००७ मध्ये तो उपग्रहाच्या छायाचित्रांत लक्षात आला. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत आमच्या व्हाळावर त्याचे काय झाले असते, याची कल्पना मुलेच करतात आणि बहुतेक जण बांध वाहून गेलेला रंगवतात.

हे पान नुसते रंगवण्यापेक्षा चिकटकामाने जास्त खुलते. माडाच्या झापाचे हीर बोटभर लांबीचे तोडून डिंकाने आडवेतिडवे लावायचे आणि मधल्या फटींत जांभ्याची लाल माती डिंकात कालवून बोटाने भरायची. माती सुकली की तडे पडतात. मग पोरे पुन्हा चिखल आणायला धावतात. बीव्हरही वर्षभर हीच डागडुजी करत असतो.

हिवाळ्याचे पान मात्र इथे फसते. त्यात तळे गोठलेले असते, घरावर बर्फ साचलेले असते, आणि ते पांढरे दिसावे म्हणून कागद कोराच सोडायचा असतो. इथल्या मुलांना ते चित्र अपुरे वाटते. ती आकाशापासून तळ्यापर्यंत सगळे निळे करून टाकतात. तेव्हा एवढेच सांगून पुढे जावे की वर बर्फाची लादी असली तरी खाली पाणी वाहते असते, आणि बीव्हरने शरद ऋतूतच पाण्यात खोचून ठेवलेल्या डहाळ्या कुटुंबाला वसंतापर्यंत पुरतात. कुटुंब म्हणजे आईबाप, यंदाची पिल्ले आणि गेल्या वर्षीची भावंडे. साधारण दोन वर्षांची झाली की ती घर सोडतात.

बीव्हरच्या जाती दोनच आहेत : उत्तर अमेरिकन आणि युरेशियन. लोकरीसाठी आणि टोप्यांसाठी झालेल्या बेसुमार शिकारीने विसाव्या शतकाच्या आरंभी युरेशियन बीव्हर जेमतेम १,२०० उरले होते. संरक्षणानंतर ते पुन्हा वाढले. कॅनडाने १९७५ मध्ये बीव्हरला अधिकृत राष्ट्रीय प्रतीकाचा मान दिला. तिथल्या पाच सेंटच्या नाण्यावर तो १९३७ पासून आहे. सगळ्याच ठिकाणी मात्र तो हवाहवासा नाही. १९४६ मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला २० बीव्हर नेऊन सोडले. तिथे त्यांना खाणारे कोणी नव्हते, आणि त्यांनी तिथली जंगले उजाड केली. मुलांना आवडते ती गोष्ट आयडाहोची. १९४८ मध्ये अमेरिकेच्या त्या राज्यात ७६ बीव्हर लाकडी खोक्यांत घालून विमानातून पॅराशूटने दुर्गम डोंगरात उतरवले होते. चाचणीसाठी एकाच बीव्हरला पुन्हापुन्हा खाली सोडले. त्याचे नाव जेरोनिमो. ही गोष्ट सांगितल्यावर तळ्याचे पान बाजूला पडते आणि ज्याच्या त्याच्या कागदावर पॅराशूट उगवते.

रंग चुकला म्हणून पान परत करणाऱ्या पालकांसाठी एक दाखला हाताशी असू द्यावा. १८५१ मध्ये कॅनडा प्रांताने आपले पहिले टपाल तिकीट काढले, तीन पेनीचे. त्यावरचा बीव्हर अख्खा तांबड्या रंगात छापलेला आहे.

साहित्याबाबत अनुभव असा की जून ते सप्टेंबर जलरंग काढू नयेत. हवा इतकी ओली असते की कागद सादळतो, रंग दोन दिवस वाळत नाही आणि स्केचपेनची शाई पसरून दातांचा केशरी रंग हनुवटीवर उतरतो. मेणखडे बरे. चित्रे भिंतीला चिकटवली तर चिकटपट्टी ओल धरून सुटते. त्यापेक्षा खिडकीच्या गजांना सुंभाची दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी ती टांगलेली टिकतात.