हॉट स्पेस

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा दहावा स्टुडिओ अल्बम. मे १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये ईएमआयने व अमेरिकेत इलेक्ट्राने तो काढला. निर्मिती बँडची आणि राइनहोल्ड माक यांची. रेकॉर्डिंग म्युनिकच्या म्युझिकलँड आणि स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या माउंटन स्टुडिओत झाले. गिटारच्या थरांवर नाव कमावलेल्या बँडने यातला बराच भाग सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारे, बहुधा कीबोर्डने वाजवायचे वाद्य), ड्रम मशीन आणि फंक-डिस्कोच्या ठेक्यावर उभा केला. त्यावरून चाहत्यांत पडलेली फूट अजूनही बुजलेली नाही.

धक्का मोठा होता, कारण सिंथेसायझर न वापरणे हा या बँडचा मिरवण्याचा विषय होता. आपल्या अल्बमवर कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही, हे ते १९७३ च्या पहिल्याच तबकडीच्या वेष्टनावर छापून मोकळे झाले होते. गिटारिस्ट ब्रायन मेने एकावर एक चढवलेल्या गिटारी लोकांना यंत्राच्या वाटू नयेत, हा त्यामागचा हेतू. ही शपथ 'द गेम' (१९८०) मध्ये ओबरहाइम सिंथेसायझर आणून मोडली. त्याच अल्बममधले बेसवादक जॉन डीकनचे 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि नाचाच्या संगीताची वाट मोकळी झाली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी आणि डीकन या वाटेवर उत्साहाने निघाले. मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांचा जीव रॉकमध्ये अडकलेला होता.

तबकडीची पहिली बाजू म्हणजे खरा प्रयोग. 'स्टेइंग पॉवर'मध्ये बेस गिटार नाहीच. खालची ओळ मर्क्युरीने सिंथेसायझरवर वाजवली, ठेका ड्रम मशीनचा, आणि वर संगीत संयोजक आरिफ मार्दिन यांनी बांधलेले ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये. 'बॉडी लँग्वेज'मध्ये तर गिटार शोधावी लागते. 'अ‍ॅक्शन धिस डे'चा ठेकाही मशीनचाच.

तेव्हा नवे असलेले लिन एलएम-१ हे ड्रम मशीन खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने वाजवी. त्यात १२ आवाज होते: किक, स्नेअर, हायहॅट, टॉम, काँगा, टाळी वगैरे. क्रॅश आणि राइड झांजा मात्र नव्हत्या. लांब घुमणारा आवाज साठवायला लागणारी मेमरी तेव्हा फार महाग पडे. रॉकमध्ये कडव्यातून ध्रुवपदात शिरताना झांज फुटते आणि गाणे उसळते. मशीनच्या भरवशावर बांधलेल्या गाण्यात ही उसळी दुसरीकडून आणावी लागते. शिवाय सिंथ बेसचा प्रत्येक स्वर सारख्याच जोराने सुरू होतो; बोटाने तार छेडताना होणारा कमी-जास्त दाब त्यात नसतो. अशा कोरड्या, मोकळ्या मांडणीत गिटारचा जाड थर बसवला की ठेक्याचे फटके झाकले जातात, आणि काढला तर तो क्वीन वाटत नाही. 'बॅक चॅट'मध्ये गिटारचा सोलो असावा की नाही, यावरून मे आणि डीकन यांच्यात वाजले ते यामुळेच. शेवटी सोलो राहिला, आणि बरे झाले.

दुसऱ्या बाजूवर 'पुट आउट द फायर', बीटल्सच्या जॉन लेननसाठीचे 'लाइफ इज रिअल' अशी ओळखीच्या वळणाची गाणी आहेत. शेवटचे 'अंडर प्रेशर' गायक डेव्हिड बोवीबरोबरचे. ते १९८१ मध्येच सिंगल म्हणून निघून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. अल्बमला एकसंधपणा नाही ही तक्रार या दोन बाजू लागोपाठ ऐकल्या की पटते.

ब्रिटनमध्ये अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत चढला, अमेरिकेत २२ व्या. 'द गेम' तिथे पहिला आला होता. 'बॉडी लँग्वेज' अमेरिकेत ११ वे, ब्रिटनमध्ये जेमतेम २५ वे. अमेरिकेत डिस्कोविरुद्धची चीड १९७९ मध्ये शिकागोच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यापर्यंत गेली होती. तीन वर्षांनी एका रॉक बँडने तोच ठेका धरणे अनेकांना रुचले नाही. १९८२ चा दौरा मर्क्युरीसह बँडचा उत्तर अमेरिकेतला शेवटचा ठरला. 'द वर्क्स' (१९८४) मध्ये गिटार पुढे आली, पण सिंथेसायझर गेला नाही: 'रेडिओ गा गा' त्यावरच उभे आहे.

या गाण्यांची चाल कमकुवत नव्हती, हे मंचावर दिसते. ५ जून १९८२ च्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या कार्यक्रमात 'स्टेइंग पॉवर' स्टुडिओपेक्षा जलद आहे. टेलर खरे ड्रम वाजवतो, डीकन बेस खाली ठेवून ऱ्हिदम गिटार घेतो, बेसची ओळ मॉर्गन फिशर कीबोर्डवर सांभाळतो आणि ब्रासच्या जागी मेची गिटार येते. अल्बम नापसंत असलेल्याने आधी हे रेकॉर्डिंग ऐकावे.